ज्याचा त्याचा कचरा

औंध, पुणे
१२ नोव्हेंबर २००६

प्रिय सौरभ,
जय भीम.

कागदावरचं पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. मेलवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिलं की घरातली माणसंसुद्धा परकी वाटायला लागतात. शिवाय माझ्या मेल तू मीटिंगमध्ये बसून चाळतोस, हे मला ठाऊक आहे. पत्र निदान हातात तरी धरशील.

परवा फोनवर तू विचारलंस, आई माझ्याकडे राहायला येणार होती ना, मग ती खडकीलाच कशी? आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी परत गेली. आमच्या सोसायटीची लिफ्ट बंद होती आणि तिचे गुडघे तुला माहीतच आहेत. तुझ्याशी ती तुटक बोलली म्हणालास, ते मनावर घेऊ नकोस. तो तुटकपणा तुझ्यासाठी नव्हता.

दुसरी बातमी म्हणजे मी गाडी विकली. बाबांना वाईट वाटलं. गाडी घेतली तेव्हा तू इथे नव्हतास. बाबांनी तिला हार घातला, स्वतः पुढे बसले आणि मला ती अॅम्युनिशन फॅक्टरीच्या गेटसमोरून अगदी हळू न्यायला लावली, काच खाली करून. ज्या गेटमधून जन्मभर सायकल हातात धरून आत गेले, तिथल्या वॉचमनला त्यांनी हात केला. त्या वॉचमनचा जन्मही झाला नसेल बाबा नोकरीला लागले तेव्हा, पण त्यानं उलट सलाम ठोकला. आता विकली म्हटल्यावर बाबा एवढंच म्हणाले, ‘पेट्रोल महाग झालंय, खरं आहे.’ मी पेट्रोलचं काही बोलले नव्हते.

कारण वेगळं आहे. मध्यंतरी सुखदेवमामाकडे जाऊन आले. तेव्हापासून राहणीत काही बदल करते आहे. कंपनीच्या बसनं हिंजवडीला जाते. एसी काढून टाकला. तू हसशील. हस.

तुझी,
ताई

*

औंध
३ डिसेंबर २००६

प्रिय सौरभ,

म्हणजे तू बाबांना विचारलंस आणि त्यांनी सांगून टाकलं. बरं झालं. लिफ्ट त्या दिवशी व्यवस्थित चालू होती. आता पहिल्यापासून सांगते.

मामाच्या गावाशेजारी शहराचा कचरा डेपो आहे, हे तुला माहीत आहे. पण तू गेलास तेव्हा तो लांबून दिसणारा एक ढीग होता. आता डोंगर झालाय आणि तो मामाच्या बांधापर्यंत आलाय. विहिरीचं पाणी तांबूस काळं झालंय, त्यावर तेलासारखी साय धरते. प्यायला टँकर येतो. धुण्याभांड्याला मात्र विहिरीचंच पाणी, त्यामुळे मामीच्या हातांना फोड आलेत. आणि माश्या. सौरभ, ती दोघं मच्छरदाणीत बसून जेवतात. मलाही तिथंच ताट दिलं. मामी बाहेरून पोळ्या सरकवत होती आणि ‘लवकर घे गं आत’ म्हणत होती.

जेवण झाल्यावर मामानं मला ढिगापाशी नेलं. काठीनं एक पिशवी ओढून काढली. औंधच्या दुकानाचं नाव होतं तिच्यावर, माझ्या घराखालच्याच. आत भाजीची देठं, चहाचा चोथा, कुणाचं तरी शिळं जेवण. मामा म्हणाला, ‘ही तुमच्याकडची.’ रागानं नाही म्हणाला. पाहुण्याची ओळख करून द्यावी तसं म्हणाला.

परत आले आणि ठरवलं, माझ्या घरातलं काही त्या माणसाच्या दारात पडणार नाही. भोकं पाडलेली मोठी बादली आणली. तळाला नारळाच्या शेंड्या, वर सुकी पानं, त्यात रोजचा ओला कचरा. काही आठवड्यांनी त्याचं खत होतं. प्लास्टिकची पिशवी घ्यायची बंद केली. एकेक करत मग गाडीपर्यंत आले. आईला यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

ती आली त्या दिवशी छान गेला वेळ. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून ओली साडी वाळत घालायला बाल्कनीत गेली. बादलीत धुणं असेल असं वाटून तिनं झाकण उचललं. खत होताना त्यात अळ्या होतात. वळवळत होत्या. तिनं हाक मारली, ‘पूर्वा, हे काय आहे?’

मी ऑफिसात प्रेझेंटेशन देते तसं समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. फळ्यावर चुकीचं गणित सोडवणाऱ्या पोराकडे बाई बघतात ना, तशी बघत होती.

सुंदराबाईआजी, आईची आई, तुला आठवत नसेल, तू फार लहान होतास. ती झाडणकामाला होती. पेठांमधल्या वाड्यांतला कचरा पाटीत भरून डोक्यावरून वाहायची. पावसाळ्यात पाटीतून पाणी मानेवर गळायचं. कामावरून आली की अंघोळ होईपर्यंत पोरांना जवळ येऊ द्यायची नाही. आई त्या सकाळी मला म्हणाली, ‘मला माझ्या आईचा हात दुपारनंतर मिळायचा.’ हे तिनं मला याआधी कधी सांगितलं नव्हतं. मग म्हणाली, ‘तिनं डोक्यावरून उतरवलं म्हणून मी शाळेत शिकवायला उभी राहिले. आणि तू इतकी शिकून ते परत घरात आणून ठेवलंस.’

मी म्हटलं, ‘आई, मी नाही ठेवला तर तो मामाच्या दारात जातो. तुझ्याच भावाच्या.’

ती म्हणाली, ‘म्हणजे आपल्या माणसाच्या दारात जाऊ नये म्हणून तो आपल्याच माणसानं उचलायचा. आणि बाकीच्यांनी काय करायचं? फिरायला जायचं?’

आई आत गेली. ओली साडी पिळून पिशवीत भरली आणि रिक्षा करून खडकीला गेली. आता मी फोन केला तर ‘हॅलो’ म्हणते, माझा आवाज ओळखते आणि रिसीव्हर बाबांकडे देते.

ताई

*

औंध
१८ फेब्रुवारी २००७

प्रिय सौरभ,

तुझी मेल मिळाली. घरात दोन फ्रीज कशाला लागतात हे मी विचारणार नाही, तिथे तशीच पद्धत असेल. पण तू लिहिलंस, ‘एकट्या माणसाच्या करण्यानं काय होतंय?’ हे वाक्य आपल्या घरातल्या माणसानं लिहू नये. आपलं सगळं घर कुणीतरी एकट्यानं सुरुवात केली म्हणून उभं आहे.

तुझं दुसरं म्हणणं मात्र मी बरेच दिवस डोक्यात घोळवते आहे. साधेपणा हा ज्यांनी सगळं उपभोगलंय त्यांचा छंद आहे, आपल्या आईबापांनी तो नाइलाजानं भोगला, असं तू म्हणतोस. मान्य आहे. आपण क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हा पाणी जपून वापरायचो, कारण नळ जायचा. तुझी पँट माझ्या फ्रॉकच्या कापडातून निघाली होती. तेव्हा कुणी आपलं कौतुक केलं नाही. आता मी बादलीभर पाण्यात अंघोळ करते तर ऑफिसातल्या मुली मला ‘इन्स्पायरिंग’ म्हणतात. याची गंमत मलाही कळते. पण मामीचे फोड त्यामुळे बरे होत नाहीत ना.

मागच्या महिन्यात बोपोडीला आपल्याकडचं लग्न होतं. मी नवं काही घेतलं नाही. होता तो सुती कुर्ता धुऊन, इस्त्री करून घातला. रंग जरा गेलेला होता, इतकंच. आई दारातच उभी होती पाहुण्यांच्या स्वागताला. तुला आठवतं, बाबांच्या युनिफॉर्मला ती कशी इस्त्री करायची? बाहीची घडी बोटाला लागेल अशी. तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. शेजारच्या बाईला म्हणाली, ‘ऑफिसातून थेट आलीय, कपडे बदलायला वेळ नाही मिळाला.’ रविवार होता. मी आत जाऊन बसले. जेवणाच्या पंगतीत आई माझ्यासमोरून वाढत गेली, माझ्या पानात दोन जिलब्या टाकल्या, वर पाहिलं नाही. मला जिलबी आवडते हे तिच्या लक्षात होतं. घरी येऊन मी खूप रडले.

बाबा अधूनमधून येतात. ‘इकडे जरा काम होतं’ म्हणतात. औंधमध्ये त्यांना काय काम असणार. बाल्कनीत खुर्ची टाकून बसतात, पेपर वाचतात. मी खत घालून कुंड्यांमध्ये मेथी लावली आहे, ती पाहून म्हणाले, ‘चांगली आलीय.’ जाताना एक जुडी दिली त्यांच्याकडे. नंतर फोनवर विचारलं, आईनं केली का? तर हळू आवाजात म्हणाले, ‘केली. खाल्ली. मी बाजारातली म्हणून सांगितलं.’

खत तयार झालं की त्याला वास येत नाही, सौरभ. म्हणजे येतो, पण ओल्या मातीचा. मला एकदा आईचा हात धरून तो वास तिला घ्यायला लावायचाय. कसं जमणार ते कळत नाही.

तू तिला फोन करतोस तेव्हा माझा विषय काढू नकोस. तिला वाटतं मीच तुला सांगायला लावते.

ताई

*

औंध
२२ जुलै २००७

प्रिय सौरभ,

खूप दिवसांनी चांगलं लिहायला बसते आहे. आई माझ्याकडे आली होती. आपण होऊन.

झालं असं. डेपोच्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या. त्यांचं बरोबरच होतं, मामाही बसला होता त्यांच्यात रस्त्यावर. इकडे शहरात कोपऱ्याकोपऱ्यावर ढीग साचले. आमच्या सोसायटीच्या फाटकाशी तर नाक धरून जावं लागायचं. मग सगळ्यांना माझी बादली आठवली. मीटिंग झाली. पार्किंगच्या मागे खड्डा करायचा, प्रत्येकानं आपला ओला कचरा वेगळा करून त्यात आणून टाकायचा, पूर्वाताई दाखवतील कसं ते. टाळ्यासुद्धा वाजवल्या. मला किती आनंद झाला म्हणून सांगू. आईच्या त्या ‘बाकीच्यांनी काय करायचं’ला हे उत्तर होतं. मी मनातल्या मनात तिला ते सांगूनही टाकलं.

पहिला आठवडा लोकांनी हौसेनं केलं. मग पिशव्यांच्या गाठी न सोडताच खड्ड्याच्या काठावर ठेवायला लागले. आत सगळं एकत्र. वॉचमन म्हणाला, हे माझं काम नाही. तेही बरोबरच. मग मीच ऑफिसला जाण्याआधी खाली उतरून हातमोजे घालून पिशव्या सोडायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं. पण मी नाही केलं तर सगळं बंद पडेल, असं वाटायचं. हे तुला आधी लिहिलं नाही, कुणालाच सांगितलं नाही.

एका रविवारी बाबा आले होते. मी खड्ड्यापाशी होते, म्हणून तेही तिथेच येऊन उभे राहिले. आमच्या सेक्रेटरींच्या पत्नी आनंदीकाकू पिशवी घेऊन आल्या. वयानं आईएवढ्या, बोलायला गोड, माझ्या आजारपणात खिचडी घेऊन आलेल्या. पदर नाकाला लावून त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, ‘किती मनापासून करतेस गं पूर्वा. आम्हाला नाही जमायचं, आम्हाला मळमळतं. तुमच्याकडे सवय असते ना.’

त्या हसून बोलल्या. मीही हसले. सौरभ, मी हसले, ते बाबांनी पाहिलं. त्यांनी माझ्या हातातली पिशवी काढून घेतली, खाली जमिनीवर ठेवली आणि म्हणाले, ‘चल वर.’ वर येऊन साबणानं हात धुतले, चहासुद्धा न घेता गेले.

त्यांनी घरी जाऊन सांगितलं असणार. पुढच्या रविवारी सकाळी वॉचमननं मला इंटरकॉमवरून कळवलं की तुमच्या आई आल्यात, पण त्या सेक्रेटरींकडे गेल्यात. मी जिन्यानं धावत उतरले. दार उघडंच होतं. आई आनंदीकाकूंच्या सोफ्यावर बसली होती, निळ्या काठाची पांढरी साडी, जी ती चौदा एप्रिललाच नेसते. बाबा शेजारी. समोर पाण्याचं भांडं. तिनं ते पाणी सगळं पिऊन भांडं खाली ठेवलं आणि बोलायला लागली. आवाज वर्गात असायचा तसाच, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा पण चढा नाही.

‘माझी आई शहराचा कचरा उचलायची. त्याचा पगार घ्यायची, संप झाला की संपावर जायची. माझी मुलगी उचलते तो तिचा स्वतःचा. तिच्या हातात तुमच्या पिशव्या देऊ नका. तुमची तुम्ही खाली आणा, तुमची तुम्ही उघडा. किळस आली तर येऊ द्या. आम्हालाही येते.’

काकू गोऱ्यामोऱ्या झाल्या. म्हणाल्या, ‘अहो, मला तसं म्हणायचं नव्हतं.’

‘तेच म्हणते मी,’ आई म्हणाली. ‘म्हणायचं नव्हतं, तरी निघालं.’

मग उठली, नमस्कार केला आणि माझ्या घरी वर आली. माझ्या खुर्चीत बसली. मी चहा केला. इतक्या महिन्यांनी तिला माझ्या कपातून चहा पिताना बघून मला दुसरं काही सुचत नव्हतं. थोडं बोललो. मग ते दोघं गेले.

बाकी ठीक. तुझ्या ग्रीन कार्डचं काय झालं?

ताई

*

औंध
३० सप्टेंबर २००७

सौरभ,

तू फोन आपटलास त्यानंतर मी तुला फोन केलेला नाही, पुन्हा उचलशील की नाही याची खात्री नव्हती. हे पत्र तरी वाच. रागावलेला असलास तरी वाच. तुला येता आलं नाही, व्हिसाच्या कागदांमुळे तिथे अडकून पडलास, ते मला समजतं. आईला शेवटचं पाहायला मिळालं नाही याचा राग कुणावर तरी काढायचा, तर मीच आहे.

तू म्हणालास, ‘गाडी असती तर.’ त्याचं आधी सांगते. त्या दिवशी दुपारी बाबा बँकेत गेले होते. आई घरी इस्त्री करत होती. बाबा परत आले तर ती कॉटच्या कडेला जमिनीवर बसलेली, डोकं गादीला टेकलेलं. इस्त्रीचं बटण तिनं बंद केलं होतं. शेजाऱ्यांच्या गाडीतून बाबांनी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, वाटेतच गेल्या, हार्ट अटॅक मोठा होता. मला फोन आला तो त्यानंतर. मी हिंजवडीत होते. ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं तिच्या गाडीतून मला सोडलं, माझी गाडी असती तरी तितकाच वेळ लागला असता. आणि लवकर पोचून तरी काय. तिचे हात तेव्हाच गार होते. मी ते धरून बसले. कुणी मला हलवलं नाही.

आता दुसरं. तू म्हणालास, ‘तुझ्या त्या बादलीनं आईला खाल्लं.’ हे खरं आहे की नाही, मला माहीत नाही. तिचं दुखणं आधीपासून असणार, तिनं कुणाला सांगितलं नाही, असं डॉक्टर म्हणतात. पण मागच्या पत्रात मी तुला त्या रविवारचं अर्धंच लिहिलं होतं. तू विचारलंस ना, आई माझ्याशी शेवटचं काय बोलली? ते उरलेल्या अर्ध्यात आहे.

चहा पिऊन तिनं कप बाजूला ठेवला आणि म्हणाली, ‘त्यांना सांगायचं ते सांगितलं. आता तुला सांगते. बंद कर हे.’

मला खरंच धक्का बसला. मी म्हटलं, ‘आत्ताच तर तू माझी बाजू घेतलीस.’

‘तुझी घेतली. त्या बादलीची नाही. आज ही बाई बोलली, उद्या दुसरी कुणी बोलेल. तू हसशील. दर वेळी मी येणार आहे का?’

मी म्हटलं, मी आता सोसायटीचं काही करणार नाही, फक्त माझं करेन, माझ्या घरापुरतं. मामाचं सांगितलं, मामीच्या हातांचं सांगितलं. ती सगळं ऐकत होती, मान हलवत होती. तिला हे पटत नव्हतं असंही नाही, सौरभ. सुखदेव तिचा सख्खा धाकटा भाऊ, तिनं कडेवर खेळवलेला. ती म्हणाली, ‘तुझं बरोबर असेल. पण मी तुला खाली वाकलेली बघू शकत नाही. मी आहे तोवर बंद कर. मग तुला काय करायचं ते कर.’

मी ‘नाही’ म्हटलं.

आवाज चढवला नाही, भांडले नाही. तिच्यासमोर जमिनीवर बसून, तिच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हटलं, ‘आई, नाही जमणार.’ ती ‘बरं’ म्हणाली. बाबांकडे पाहिलं, उठली. मी चपला घालायला लागले तसं दारात वळून म्हणाली, ‘खाली येऊ नकोस.’

त्यानंतर दीड महिना ती होती, आणि आम्ही बोललो नाही. मी फोन करायचे, ती बाबांना द्यायची. मला वाटायचं, वेळ आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिला मामाकडे घेऊन जाईन, तिथं समोर बसून बोलू.

आईच्या पुण्यानुमोदनाला सगळे आले होते. मामाही आला, मामी आली, तिनं हात पदराखाली झाकून घेतले होते. आनंदीकाकू आल्या. हॉलच्या दारापाशी उभ्या राहिल्या, आत यावं की नाही कळत नव्हतं त्यांना. बाबांनी जाऊन त्यांना आत आणलं, पहिल्या रांगेत बसवलं. त्या रडत होत्या. मला मात्र तिथं रडू आलं नाही. सोसायटीनं तो खड्डा त्याआधीच बुजवलाय, वर फरशी घालून दोन गाड्यांची जागा केली.

लोक गेल्यावर मी आणि बाबा दोघंच घरात होतो. तिच्या साड्यांच्या कपाटापुढे बाबा उभे होते, उघडत नव्हते. तसेच पाठमोरे उभे राहून मला म्हणाले, ‘तू तेव्हा हो म्हणायला हवं होतंस.’

मी म्हटलं, ‘बाबा, मी बंद केलं नसतं. ते खोटं झालं असतं.’

‘हो. खोटं.’ मग वळले. ‘मुसावादा वेरमणी, खोटं बोलणार नाही म्हणून, आज सकाळी सगळ्यांच्या आधी मी म्हटलंय. आयुष्यभर म्हटलंय. तरी सांगतो, खोटं बोलायला हवं होतंस. तिला तेवढंच पाहिजे होतं. ती काही तुझ्या बाल्कनीत तपासायला येणार नव्हती.’

रागानं नाही बोलले. दमलेल्या माणसासारखे बोलले. मग मला जवळ घेतलं आणि मग आम्ही दोघं रडलो. पण बोलले ते बोलले. परत घेतलं नाही त्यांनी, आणि मी घ्या म्हटलंही नाही.

सौरभ, तुझ्यापासून काही लपवायचं नाही. बादली अजून चालू आहे. आई गेली म्हणून मामाच्या बांधावरचा ढीग कमी झाला नाही. काल सकाळी भाजी चिरून देठं हातात घेतली आणि बराच वेळ बाल्कनीच्या दारात उभी राहिले. तिचं म्हणणं बरोबर होतं, हे मला कळतं. माझंही चूक नव्हतं, हेही कळतं. दोन्ही कळून काही उपयोग होत नाही. शेवटी देठं बादलीत टाकली, पानं पसरली, झाकण लावलं. सुटका झाल्यासारखं वाटलं नाही. आणि बंद केलं असतं तरी वाटलं नसतं.

बाबांना इकडे ये म्हणून सांगितलं. ते म्हणाले, खडकीत बरं आहे. तू त्यांना फोन कर. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण त्यांच्याशी बोल. संध्याकाळी कर, तेव्हा त्यांना घर फार मोठं वाटतं.

तर आई माझ्याशी शेवटचं बोलली ते एवढंच. ‘खाली येऊ नकोस.’ मी दारात थांबले. मग बाल्कनीत आले. ती फाटकातून बाहेर पडली, बाबांनी रिक्षा थांबवली, ती आधी साडी सावरून मग आत बसली. मला वाटलं वर बघेल. बघितलं नाही. धावत गेले असते तर रिक्षा सुटायच्या आत पोचले असते, इतका वेळ तिथे ते भाडं ठरवत होते.

पण तिनं येऊ नकोस म्हटलं होतं. तिचं बाकी काही ऐकलं नव्हतं. तेवढं ऐकलं.

ताई